राखणदार गाडीत बसला

त्या सकाळी तेरवणखोल गावाचा रंग राखाडी होता, आणि रेवती धुरीच्या बाबांना काही करून गोव्यात पोचायचं होतं.

हा रंग नकाशावरचा. ओरोसच्या साथ-नियंत्रण कचेरीत रेवतीच्या टेबलासमोर भिंतभर पडदा होता आणि त्यावर सीमेची दोन्ही अंगं मांडलेली असत. अलीकडं सिंधुदुर्गातली गावं, पलीकडं गोव्यातली, प्रत्येक गावाचा एक ठिपका. हिरवा ठिपका म्हणजे खुशाल या-जा करा. लाल म्हणजे गावात घोगरा ताप शिरलाय, वेस बंद. राखाडी म्हणजे यंत्राला काही कळलेलं नाही. आणि कळलेलं नाही, म्हणजेही बंदच.

तेरवणखोलचं रविवारपासून काही कळत नव्हतं. उमेश धुरींची सोमवारची डायलिसिसची पाळी त्यात बुडाली. केंद्र म्हापशाला, पूल ओलांडला की फार लांब नाही, पण पुलावर गोव्याचा नाका आणि नाक्यावर हाच नकाशा. आज गुरुवार होता.

"पायांची सूज कशी आहे?" रेवतीनं फोनवर विचारलं.

"सूज खंय? बरो आसंय मी," बाबा म्हणाले. एवढं बोलायला त्यांना मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला.

"रात्री झोप लागली?"

"खुर्येत बसान झोपलंय. आडवो झालंय की वायच दम लागता. तू जेवलंस?"

नुकती कुठं कचेरी उघडली होती, जेवणाचा काय संबंध! पण स्वतःच्या तब्येतीवरून विषय काढून घ्यायचा असला की बाबा नेहमी जेवणावर जात. आई गेल्यापासून ते गावात एकटे राहत होते आणि लेकीला काळजी वाटू नये यासाठी जेवढं खोटं बोलावं लागतं तेवढं बोलत होते. म्हापशाच्या डॉक्टरांनी मात्र रेवतीला स्पष्ट सांगितलं होतं, अंगातलं पाणी फुप्फुसाकडं चढतंय, आजचा दिवस चुकवू नका. बंद गावांतल्या रुग्णांसाठी जिल्ह्यात डायलिसिसचं एक वेगळं यंत्र राखून ठेवलेलं होतं, पण त्याच्यापुढं रांग होती आणि बाबांचा नंबर शनिवारी.

रेवतीच्या हातात एक सोपा मार्ग होता. गावाची हवा तपासणारं यंत्र बिघडलं तर ठिपक्याचा रंग हातानं बदलायचा अधिकार तिला होता. एक बोट दाबलं की तेरवणखोल हिरवं, बाबा गाडीत आणि दुपारपर्यंत म्हापशात. कोणी विचारलंही नसतं. तिनं बोट तिथवर नेलं आणि मागं घेतलं. डायलिसिसच्या खोलीत बाबांच्या दोन्ही बाजूंना त्यांच्यासारखीच माणसं असणार होती, तापाचा एक फटकाही सोसणार नाही अशी. गावात खरंच ताप असला तर आपल्या बापाला वाचवायला आपण दुसऱ्याच्या बापावर तो सोडून देणार. हे तिच्यानं होईना.

तिनं त्या यंत्राची एक नवी कुपी, स्पिरिटची बाटली आणि हत्यारांची पेटी जीपमध्ये टाकली आणि गावाची वाट धरली.

*

रेवतीच्या लहानपणी साथ आली की राज्यंच्या राज्यं दारं लावून बसत. गाडीची पाटी बघून माणसाला परत पाठवत. त्यानं ताप थांबला असता तर कोणाची तक्रार नव्हती, पण दार लागेपर्यंत ताप बहुतेक दोन्हीकडं पोचलेला असायचा आणि दारात नुसती माणसं अडकायची. कोणाचं लग्न, कोणाचं मयत, कोणाचं औषध. म्हणून पुढं, घोगरा ताप आला तेव्हा, दोन्ही राज्यांनी मिळून वेगळं ठरवलं. माणूस कुठल्या राज्याचा हे विचारायचंच नाही. त्याच्या गावाची हवा आज काय म्हणते, एवढंच बघायचं.

हवेला बोलतं करणारं यंत्र शिलाई मशीनएवढं होतं. गावच्या एस.टी. थांब्यावर ते बसवलं की दिवसभर हवा आत ओढायचं. माणूस बोलतो, खोकतो, नुसता श्वास सोडतो तेव्हा त्याच्या तोंडातून डोळ्यांना न दिसणारे थेंब बाहेर पडतात. तापाचा विषाणू असला तर तो या थेंबांवर बसून निघतो, आणि माणसाला स्वतःला कणकण जाणवायच्या आधीच निघतो. यंत्र ते थेंब कुपीतल्या द्रवात पकडायचं आणि त्यात विषाणूच्या जनुकाचे तुकडे सापडतात का ते शोधायचं. आपण नीट शोधतोय ना, याची खात्री करायला त्यात एक ओळखीचा, निरुपद्रवी तुकडा मुद्दाम सोडलेला असे. तो सापडला आणि विषाणू सापडला नाही, तर हिरवा. विषाणू सापडला, तर लाल. तो ओळखीचा तुकडाच सापडला नाही, तर मात्र यंत्र प्रामाणिकपणे हात वर करायचं. तो राखाडी.

राखाडीचं काय करायचं यावर समितीत फार वेळ गेलाच नव्हता. चहा येईपर्यंत ठरलं होतं की शंका असेल तर बंद. रेवतीनंही मान डोलावली होती.

यंत्राचं बारसं मात्र तिनं स्वतः केलं होतं. कोकणात प्रत्येक गावाच्या वेशीवर राखणदाराचा दगड असतो. गावाची राखण करणारा, वाट चुकलेल्याला वाटेवर आणणारा, आणि वेळच्या वेळी नारळ-विडी न मिळाल्यास रुसणारा. लोकांना यंत्र परकं वाटू नये म्हणून रेवतीनं समितीला नाव सुचवलं, राखणदार. सगळ्यांना ते भारी आवडलं. हे नाव आपल्या अंगाशी येईल असं तेव्हा तिच्या स्वप्नातही नव्हतं.

*

तेरवणखोलच्या थांब्यावर जीप थांबली आणि रेवती स्टिअरिंगमागं तशीच बसून राहिली. यंत्र दिसतच नव्हतं. दिसत होता तो जास्वंदीचा ढीग. त्याच्याखाली हळद-कुंकू, तीन नारळ, उदबत्त्यांची राख ओंजळभर, आणि जिथून यंत्र हवा ओढतं त्या जाळीत नीट खोचून ठेवलेली, धूर सोडणारी पेटती विडी.

शेजारच्या बाकावर बाबा बसले होते. चेहरा फुगलेला, चपलांचे पट्टे पायांत रुतलेले. त्यांच्या बाजूला गावचे मानकरी दाजी राऊळ काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"ह्यां कोणी केल्यान?" रेवती ओरडली. रागाच्या भरात तिची कचेरीतली भाषा गळून पडली.

"गावान," दाजी म्हणाले. "सुरवात उमेशान केल्यान."

बाबा जमिनीकडं बघू लागले. "आजूबाजूचे गाव लाल झाले, आपलो हिरवो ऱ्हवलो. रस्तो उघडो ऱ्हवलो म्हणान माका म्हापशाक जावक गावता. मगे राखणदाराक एक उदबत्ती लावलंय. त्यात काय गे चुकलां?"

"आणि मग?"

"मगे सगळ्यांनीच लावल्यानी. रविवारी तेचो रंग बिघडलो. म्हटलां, रुसलो. म्हणान आणखी लावल्यानी. विडी दाजीची."

रेवतीच्या डोक्यात सगळा हिशोब लख्ख लागला. धुराची काजळी कुपीत उतरली. काजळीत ते रसायन काम करत नाही, म्हणून ओळखीचा तुकडा सापडेना, म्हणून राखाडी. राखाडी झाला म्हणून गावानं धूर वाढवला, आणि धूर वाढला म्हणून राखाडी हटेना. बाबांचा रस्ता बंद केला होता तो बाबांच्याच भक्तीनं. तिला हसूही आलं आणि रडूही आलं. दोन्हींना वेळ नव्हता.

तिनं विडी काढली, जाळी स्पिरिटनं पुसली, कुपी बदलली. पण पुसलेल्या यंत्रालाही उघड्या थांब्यावर पुरेशी हवा गोळा करायला उद्याची सकाळ लागणार होती. इथली हवा वाऱ्यावर पसरते, थेंब विरळ असतात. बाबा बाकावरून तिच्याकडं बघत होते आणि प्रत्येक श्वासाला त्यांचे खांदे वर जात होते.

थेंब विरळ असतात, ते उघड्यावर. बंद जागेत नसतात. आणि प्रश्न तरी कुठं अख्ख्या गावाचा होता?

"दाजी, मी यंत्र उचलून गाडीत घालतेय," ती म्हणाली. "बाबांसोबत. काचा लावून."

आतापर्यंत शांत असलेले दाजी ताडकन उठले. "राखणदार जाग्यावरसून हलवूचो नाय!"

"अहो, ते यंत्र आहे."

"नाव कोणी ठेवल्यान? तुयाच ना? आता हलवूचो तर कौल घेवक होयो."

थांब्यावर जमलेल्या चार माणसांनी माना हलवल्या. भांडत बसायला वेळ नव्हता आणि या माणसांना ढकलून यंत्र नेणं रेवतीला शक्यही नव्हतं. रस्त्याच्या पलीकडंच खऱ्या राखणदाराचा दगड होता. दाजींनी जास्वंदीची पाकळी ओली करून दगडाला चिकटवली. उजवीकडं पडली तर होकार, डावीकडं पडली तर नकार, हे तेरवणखोलच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं.

"बा राखणदारा म्हाराजा," दाजींनी गाऱ्हाणं घातलं, "हो नवो राखणदार थांब्यावरसून काढूक हुकूम आसा काय?"

पाकळी हलेना. उन्हात सगळे डोळे लावून उभे राहिले. पाकळी ना उजवी पडली, ना डावी.

"संपलं," ती पुटपुटली. "नाही म्हणतोय."

"नाय खंय म्हणता?" दाजी चकित होऊन म्हणाले. "बोलणा नाय तो. बोलणा नाय म्हणजे नाय न्हय. आमचो प्रश्न धड नाय. दुसऱ्या तऱ्हेन इचारूया."

यात दाजींनी नवीन काही सांगितलं नव्हतं. रेवतीनं हे लहानपणापासून पाहिलं होतं. देव बोलला नाही तर प्रश्न बदलतात, वाक्य फिरवतात, पुन्हा विचारतात. देवाच्या गप्प बसण्याला नकार समजून घरी गेलेला माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. आणि समितीच्या खोलीत, चहा येईपर्यंत, तिनं नेमकं तेच केलं होतं. यंत्र गप्प बसलं आणि तिनं त्याच्या तोंडात 'नाही' घातलं. दुसऱ्या तऱ्हेनं विचारायचं कोणाला सुचलंच नाही, तिलाही नाही.

"असं विचारा," ती म्हणाली. "उमेश धुरीक सोबत म्हणान राखणदार म्हापशापर्यंत जाव दे काय? दिवेलागणीपूर्वी परत जाग्यार हाडतंय."

दाजींनी विचारलं. वाऱ्याची एक झुळूक आली की पाकळी सुकली की राखणदाराला दया आली, कोण जाणे. पाकळी उजवीकडं पडली.

"व्हय म्हाराजा!" थांबा दुमदुमला.

*

जीपच्या मागच्या बाकावर बाबा, त्यांच्या शेजारी पट्टा लावून बसवलेला राखणदार. काचा घट्ट बंद, वातानुकूलन बंद, कारण आतली हवा आतच राहायला हवी होती. एप्रिलचं ऊन. गावाच्या वेशीबाहेर पडताच रेवतीचा फोन वाजला. नाक्यावरचा डॉक्टर सावियो मेनेझिस होता. गोव्याच्या बाजूचा नकाशा तो सांभाळायचा आणि दोघांची जुनी मैत्री होती.

"कितें गो रेवती! माझ्या पडद्यावर इशारा आलाय, तेरवणखोलचं यंत्र चोरीला गेलं म्हणून. तुझा राखणदार पळतोय!"

"मीच पळवतेय. ऐक." तिनं त्याला धुरापासून सगळं सांगितलं. "गाडीची खोली लहान आहे. दोन माणसांच्या श्वासाची हवा इथं दाट होते, तासाभराच्या आत पुरेसे थेंब जमतील. गावाचं उत्तर नको, बाबांचं उत्तर घेऊ."

सावियो म्हणाला, "नियम म्हणतो, राखाडी गावाचा माणूस आत नाही."

"नियमाला मीही हो म्हटलं होतं. चुकलं होतं आपलं."

"रेवती, तुझे बाबा आहेत म्हणून बोलतेस?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच तो तिला झोंबला. "हो," ती म्हणाली. "बाबा नसते तर माझ्या लक्षातही आलं नसतं, याचीच लाज वाटतेय. पण लाल आला तर मी स्वतः गाडी वळवते. तुला सांगावं लागणार नाही."

"हिरवा आला तर मी दार उघडतो," सावियो सावकाश म्हणाला. "आणि परत राखाडी आला तर?"

"तर पुन्हा विचारू."

फोन ठेवला आणि तिनं आरशातून यंत्राकडं पाहिलं. जमा झालेल्या हवेची निळी पट्टी जेमतेम तळाशी होती. नुसत्या श्वासातून थेंब फार कमी पडतात. बोललं की वाढतात, मोठ्यानं बोललं की पुष्कळ.

"बाबा, बोला."

"काय बोलू?"

"काहीही. मोठ्यानं."

बाबा बोलायला लागले. काजूचं पीक, दाजींच्या सुनेचं दुकान, थांब्यावर न थांबणारी एस.टी. थोडं बोलले की दम लागायचा, घसा सुकायचा. पाणी देता येत नव्हतं, अंगात आधीच पाणी झालेलं. रेवतीनं आणलेल्या थर्मासातला बर्फाचा खडा ते जिभेवर ठेवत आणि पुन्हा सुरू करत.

"गावात तुका गाळी घालतत," मध्येच ते म्हणाले. "उमेशाच्या चेडवान रस्तो बंद केल्यान म्हणतत. मी सांगतंय, अरे, बंद करूक नाय, उघडो ऱ्हवाचो म्हणान बसलीहा ती थंय."

रेवतीनं आरशातून पट्टी पाहिली, ती जरा वर सरकली होती.

"आणि ती उदबत्ती... ती काय राखणदाराक नाय लावलंय मी." बाबा खिडकीबाहेर बघत होते. "तू म्हटलं होतंस ना, ह्या यंत्रातला सगळा ओरोसाक तुझ्या पडद्यार दिसता. माका वाटला, आयकाक पण येता आसतला. रोज सांजेक थांब्यार जावन बसतंय. विचारतंय, रेवती, जेवलंस? कामात आसतंस, फोन खंय करू सारको सारको?"

जीप एका वळणावर जरा जास्तच वळली. रोज संध्याकाळी तेरवणखोलच्या थांब्यावरून तिच्या पडद्यावर फक्त एक रंग येत होता. त्या रंगाच्या पलीकडं बाप बसून तिला जेवलीस का विचारत होता, आणि ती घरी फोन करायची आठवड्यातून एकदा, तोही घाईत. तिनं एका हातानं डोळे पुसले. "ऐकू येत नाही त्यात, बाबा," ती म्हणाली. "पण आता ऐकलं."

*

पुलाशी पोचले तेव्हा पट्टी अर्ध्यावर होती आणि बाबांचा आवाज संपला होता.

समोर आडवा दांडा, दांड्यामागं सावियो आणि दोन शिपाई. रेवतीनं सावलीत गाडी लावली. बाबा डोळे मिटून टेकले होते, ओठ निळसर झाले होते. आता तिला खरी भीती वाटली. गाडी फिरवून परत जायचं म्हटलं तरी जायचं कुठं?

"बाबा, थोडं अजून. पट्टी भरायला हवी."

"काय उरलां नाय गे बोलूक."

तिला एकदम आठवलं. पंचक्रोशीतल्या टेनिस बॉलच्या सामन्यांना उमेश धुरींशिवाय समालोचक नसायचा. कर्ण्यावर त्यांचा आवाज लागला की खेळ बघायला न आलेली माणसंही घरात बसून सामना बघायची. आजारपणात ते सुटलं होतं.

"समालोचन करा," ती म्हणाली. "समोर मैदान आहे बघा."

बाबांनी एक डोळा उघडला. दांड्याकडं बघितलं, शिपायांकडं बघितलं. मग उशिरानं का होईना, पाठ सरळ केली.

"नमस्कार मंडळी," घोगऱ्या, फाटक्या आवाजात ते सुरू झाले, आणि भाषा आपोआप मैदानावरची झाली. "पुलाच्या मैदानावरून मी उमेश धुरी आपलं स्वागत करतोय. ऊन कडक, खेळपट्टी डांबरी. सीमारेषेवर उभे आहेत उंचेपुरे क्षेत्ररक्षक सावियो. हात मागं बांधलेले, चेहरा गंभीर. सकाळी बायकोशी भांडून आले असावेत..."

रेवतीला हसू फुटलं. बाहेर आवाज अर्धवट पोचत होता. एक शिपाई तो घोगरा सूर ऐकून दचकला आणि मागं सरला. घोगऱ्या तापाचं पहिलं लक्षण तेच. "डॉक्टर, आवाज बघा," तो म्हणाला. "हांका परत धाडया."

सावियो काचेजवळ आला. आत बघितलं, यंत्राकडं बघितलं. "आवाजाक आमी विचारूक ना," तो शिपायाला म्हणाला. "राखणदाराक विचारलां, ताका सांगूं दी."

"...क्षेत्ररक्षक पुढं आलेत. कदाचित झेल घ्यायचा विचार आहे. पण फलंदाजही कसलेला आहे मंडळी, सोमवारपासून खेळपट्टीवर उभा आहे, बाद व्हायला तयार नाही..."

निळी पट्टी काठोकाठ भरली. यंत्रातून बारीक गुणगुण सुरू झाली. आता आतलं रसायन आपलं काम करणार होतं, आणि गाडीतल्या हवेत बाबांइतकाच रेवतीचाही श्वास होता. लाल आला तर तो कोणाचा, हेही कळणार नव्हतं. कदाचित ओरोसहून तिनंच आणलेला.

"...आणि फटका! चेंडू हवेत आहे. उंच. बराच उंच. क्षेत्ररक्षक चेंडूखाली आलेत, नजर वर आहे... चेंडू अजून हवेतच आहे मंडळी..."

दिवा राखाडी लुकलुकत होता. बाबांनी बर्फाचा खडा तोंडात धरून चेंडू हवेत ठेवला. सावियोनं काचेला कपाळ लावलं. रेवतीनं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

"...अजून हवेत..."

पहिल्यांदा ओळखीचा तुकडा सापडल्याची छोटी खूण उमटली. म्हणजे यंत्र नीट बघत होतं. मग काही क्षण काहीच नाही. आणि मग दिवा हिरवा झाला, साधा, स्वच्छ हिरवा.

बाबांना पुढचं वाक्य बोलवेना.

"सीमापार!" रेवती ओरडली. "बाबा, सीमापार!"

सावियोनं शिपायाची वाट न बघता दांडा स्वतःच्या हातानं वर केला. जीप पूल ओलांडून गेली, तेव्हा रेवतीनं चारी काचा खाली केल्या आणि वारा आत घेतला.

*

म्हापशाच्या केंद्रात बाबांना यंत्राला जोडलं आणि थोड्याच वेळात त्यांचे खांदे वर-खाली होणं थांबलं. ते आडवे झोपले. किती दिवसांनी. नर्सनं रेवतीकडं बघून मान हलवली, आता ठीक आहे. रेवतीचा जीव भांड्यात पडला. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि काही वेळ नुसती बसून राहिली, काहीही न करता, फार मोठं सुख असल्यासारखी.

फोन वाजला. सावियो.

"वरच्यांना कळवायला हवं. काय लिहू? राखाडी म्हणजे बंद, हे पुढं चालू ठेवायचं?"

"नको. लिही, राखाडी म्हणजे अजून विचारलं नाही. ज्याला जायचंच आहे त्याला गाडीत बसवून, काचा लावून विचारायचं. माझं नाव घाल."

"माझंही घालतो," सावियो म्हणाला. "आणि तुझ्या बाबांना सांग, मी सकाळी बायकोशी भांडलो नव्हतो. काल भांडलो होतो."

ती हसली. राखणदाराला जाग्यावर न्यायला दिवेलागणीपर्यंत वेळ होता. तिनं फोनवर नकाशा उघडला. तेरवणखोलखेरीज सीमेच्या अलीकडं आणखी दोन गावं राखाडी होती, पलीकडं एक. गेले कितीतरी दिवस ती हे ठिपके रोज बघत होती. अलीकडच्या पहिल्या गावाच्या सरपंचांचा क्रमांक तिनं शोधला आणि लावला.

"नमस्कार, ओरोसहून रेवती धुरी बोलतेय. साथ-नियंत्रण कचेरी."

पलीकडचा आवाज थकलेला होता. "बोला मॅडम. आणखी किती दिवस बंद?"

"ते सांगायला नाही फोन केला. विचारायला केलाय. तुमच्या गावात कोणाला बाहेर जायची निकड आहे?"

पलीकडं बराच वेळ कोणी बोललं नाही. फोन तुटला असं वाटून तिनं तो कानापासून दूर धरून बघितला. तुटला नव्हता. ती थांबली.

"मॅडम," अखेर सरपंच म्हणाले, "बंद करूक सगळ्यांनी फोन केल्यानी. ह्यां पयल्यांदाच कोण इचारता. थांबा वायच, मी सगळ्यांका हाक मारतंय."